मोगऱ्याला पाणी

चिमीचं लग्न वसंताच्या अखेरीस ठरलं होतं, ते आम्ही अलीकडे ओढलं. "हॉल तेव्हाच मिळतोय," असं ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, चिमीची आई. ती पडल्या पडल्या हसली.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? डॉक्टर तुमच्या कानात बोलले, पण अंग माझंच आहे ना?"

दाजी उठून बाहेर गेले.

फुलांचं काम माझ्याकडे होतं. बाजाराच्या तोंडाशी माझं फुलांचं दुकान आहे. एका दुपारी चिमी आणि मी ताईच्या खाटेवर जुनी चादर अंथरून फुलं पसरली. शेवंती संपत आली होती, हात लावला की पाकळ्या गळत. निशिगंध ताजा होता. गुलाब हवे तेवढे होते. ताईने एकेक फूल नाकाशी धरलं. औषधांनी तिची चव गेली होती, वास तेवढा राहिला होता.

"टेबलांवर निशिगंध ठेवा. शेवंती नको. ती म्हातारी झाली, तुझ्या मावशीसारखी."

"मी म्हातारी, तर मग तू कोण गं?"

"मी थोरली. थोरलीचं वय काढायचं नसतं." मग म्हणाली, "पण चिमीच्या केसांत मोगरा हवा. माझ्या झाडाचा."

ते झाड गॅलरीत मोठ्या कुंडीत होतं. चिमी रांगत होती तेव्हा ताईने लावलेलं. त्याची फुलं तिने कधी विकू दिली नाहीत, सख्ख्या बहिणीच्या दुकानालाही नाही. पण त्याचा बहर उन्हाळ्याच्या तोंडावर यायचा आणि लग्न त्याच्या आधी आलं होतं.

"येईल का गं तोवर?"

"आणू ओढून," मी म्हणाले.

मोगरा लवकर फुलवायचा तर आधी त्याला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, माती कोरडी पडू द्यायची. पानं गळायला लागली की छाटायचं आणि मग पोटभर पाणी द्यायचं. तहानेने घाबरलेलं झाड कळ्या धरतं. चिमीला मी बजावलं, "मी सांगेपर्यंत एक थेंब घालायचा नाही." दाजींना सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्या माणसाने जन्मात झाडाला पाणी घातलं नव्हतं. पाय लागला की कुंडी इथे कोणी ठेवली म्हणून कुरकुरायचे, तेवढाच त्यांचा आणि मोगऱ्याचा संबंध.

काही दिवसांनी मी छाटायला म्हणून कात्री घेऊन गेले, तर झाड हिरवंगार. पानं तुकतुकीत आणि कळी औषधालाही नाही. मातीत बोट घातलं. ओली होती.

"मावशी, मी हातसुद्धा लावलेला नाही," चिमी म्हणाली.

तेवढ्यात दाजी आले. अंगात ऑफिसचा शर्ट, हातात चहाचं पातेलं, काठोकाठ पाणी भरलेलं. झारी कुठे असते ते त्यांना ठाऊक नसावं.

"निघताना एकदा घालतो, आल्यावर एकदा," ते म्हणाले. "सुकायला लागलं होतं हो. हिने पाहिलं असतं तर..."

मी चिमीचा हात दाबला आणि आत गेले.

"ताई, मोगरा नाही व्हायचा."

"पाणी पडलं?"

"हो."

"यांनी?"

मी मान डोलावली. ताईला हसू आलं, हसता हसता खोकला आला. मी तिची पाठ चोळली.

"मला कधी कपभर चहा करून दिला नाही. झाडाचं नशीब बघ." उशीच्या कोपऱ्याने तिने डोळे टिपले. मग म्हणाली, "सांगू नका त्यांना. घालू दे पाणी. मी नसले की सकाळी उठून त्यांना काहीतरी करायला लागेल."

लग्नाच्या दिवशी ताईला हॉलपर्यंत जाववलं नाही. चिमी नटून आधी तिच्या खोलीत आली, केसांत निशिगंध होता. ताईने माझ्याकडून मोगऱ्याची एक डहाळी मागवली, नुसती पानांची. ती निशिगंधात खोचली. "वास नाही, पण झाड आपलं आहे," म्हणाली. चिमी रडायला लागली, तशी तिने तिला दटावलं, "काजळ पसरेल. जा आता, लोक वाट बघतायत."

उन्हाळा लागायच्या आत ताई गेली.

नंतर एका सकाळी मी त्या घरी गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं. दाजी गॅलरीत उभे होते, हातात तेच पातेलं. मला पाहून ते जरा ओशाळले.

"तिला हवी होती तेव्हा फुलं आली नाहीत," ते म्हणाले. "पण पाण्यात मी कमी पडलो नाही ना?"

"नाही हो दाजी. तुम्ही कुठे कमी पडलात."

पातेल्यात थोडं पाणी उरलं होतं. तेही त्यांनी कुंडीत ओतलं.