फोकस धरला तो अक्षतांवर

मित्रांनो, जुना म्हणा, डबडं म्हणा, मुरूडच्या विरूपाक्षच्या स्टुडिओतला कॅमेरा तो मीच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण आज माझं डोकं फिरलेलं आहे.

नांदेडच्या बाजारातून मला आणलं, तेव्हा हाच विरूपाक्ष मला मांडीवर घेऊन एसटीत बसला होता. शेजारच्याला बोटसुद्धा लावू देईना! मग मी राबलो. बारशी, साखरपुडे, शाळांची गॅदरिंग, आणि लग्नं तर विचारूच नका. उन्हात तापलो, हळदीत माखलो. "लई झकास फोटो निघतात हो तुमच्या कॅमेऱ्यात," असं बायका म्हणायच्या आणि हा मिशीत हसायचा. पण मला पुसायचा कशानं? घामाच्या रुमालानं!

यंदा त्याला नव्या कॅमेऱ्याचं वेड लागलं. त्या कॅमेऱ्याचा फोकस चेहरा सोडून भलतीकडेच जातो, अशा तक्रारी लोक मोबाइलवर लिहीत होते. त्याच्या बायकोनं, शिवकांतानं, त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या.

"इतके लोक बोंबलून राहिलेत, अन् तुमी तोच आणून राहिलाव?"

"तुला काय कळतंय त्यातलं? लोकांना कॅमेरा धरता येत न्हाई."

"मग ह्या जुन्याला तरी बदल्यात देऊ नका."

"ठेवून काय पूजा करू त्याची?"

ऐकलंत? अहो, माझ्यासमोर म्हणाला हे!

एक लग्न करून बघा, पटला तर जुना आणून द्या आणि हा ठेवून घ्या, असं नांदेडच्या दुकानदारानं सांगितलं होतं. म्हणजे गावातल्या रामलिंगअण्णांच्या लेकीच्या, पुनमच्या लग्नात माझा निकाल लागणार होता. त्या दिवशी नवा त्याच्या गळ्यात आणि मी बॅगेत. असावा जवळ म्हणून मला नेलं खरं, पण माझी बॅटरी चार्ज केली नाही. कित्येक दिवसांत त्यानं माझ्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं.

आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, रंगवलेल्या. अंतरपाट सरकला की चहूबाजूंनी मुठी सुटतात आणि समोरचं काही दिसेनासं होतं. माझ्या वेळी विरूपाक्ष आधीच नवरीच्या चेहऱ्यावर हातानं फोकस धरून ठेवायचा. पण नवा सगळं आपोआप करतो म्हणे! म्हणून यानं नुसतं बटण दाबलं.

पाट सरकला, वाजंत्री कडाडली. विरूपाक्षनं फोटो पाहिले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दाणा न् दाणा स्पष्ट, नवरा-नवरी पुसट. घाईघाईनं मला बाहेर काढलं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मी कुठून जागा होणार? पोटात काही नको?

तेव्हा या शहाण्यानं काय करावं? "अण्णा, पाट परत धरा अन् अक्षता परत टाका," म्हणाला!

नवरीची आत्या पंचफुलाबाई अंगावरच धावून आली. "जीभ झडली न्हाई तुजी? लागलेलं लगीन पुन्हा लावतोस व्हय रे? आमच्या लेकराचं वाईट चिंतून राहिलास?"

"काढा ह्याला मांडवाच्या बाहेर!" रामलिंगअण्णा ओरडले. चारचौघांत त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

नवा कॅमेरा दुसऱ्याच दिवशी नांदेडला परत गेला. मी वाचलो. मला वाटलं होतं, त्या दिवशी मला भारी आनंद होईल.

मग पुनम स्टुडिओत आली, नवऱ्याला घेऊन. "काका, पाट सरकला तवा मी ह्यांच्याकडं बघितलं होतं. बाकी काही नसू द्या, तेवढा एक फोटो तरी असंल की हो?" विरूपाक्ष खाली मान घालून मला मऊ कापडानं पुसत राहिला.

मित्रांनो, नवं खुशाल घ्या. पण लोक कळवळून सांगत असतील तर कान द्या, आणि जुन्याला उपाशी ठेवू नका. माझी बॅटरी आता रोज भरलेली असते. पुनम मात्र रिकाम्या हातानं परत गेली.