उर्होच्या दारापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. मला नुसती गाडी म्हटले तर माझा अपमान होतो, आणि नुसते घर म्हटले तर माझ्या चाकांना राग येतो. माझ्या पोटात दोन पलंग, गॅसची शेगडी, एक बेसिन आणि उघडताना हमखास कुरकुरणारे कपाट आहे. हल्ली मी वाफेने अंघोळ करायच्या एका लाकडी वाफघराशेजारी गवतात उभी असते. कुणाविषयी माझी काही तक्रार नाही.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. पहिल्या मालकाला माझे फार कौतुक नव्हते, त्याने दोनच वर्षांत मला विकले. मग दुलुथच्या रेइनो आणि आइली या जोडप्याने मला घेतले आणि माझे नशीब उघडले. रेइनो तिथल्या गोदीवर जहाजांत लोहखनिज भरण्याचे काम करायचा. उन्हाळा आला की दोघे मला घेऊन कुठल्या तरी सरोवराकाठी जात. मीही चढावर जीव तोडून धावत असे. पुढे रेइनोचा गुडघा कामातून गेला आणि मी परसात ताडपत्रीखाली पडले. सहा हिवाळे गेले. उंदरांनी माझ्या गादीत संसार थाटले. मला फार वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

सहाव्या हिवाळ्यानंतरच्या जूनमध्ये आइलीने ताडपत्री ओढून काढली. मला घासले, गाद्या बदलल्या, नवे टायर घातले. तिच्या मनात एक काम होते. रेइनोचा धाकटा भाऊ उर्हो पूर्वेकडे, तांब्याच्या बंद खाणींच्या मुलखात एकटा राहत होता. त्याचे हृदय दुबळे झाल्याचे तिला नाताळच्या पत्रातून कळले होते. आणि हे दोघे भाऊ चौतीस वर्षांत एकमेकांशी एक अक्षरही बोलले नव्हते.

एके काळी दोघेही एकाच खाणीत कामाला होते. संप लांबला आणि कंपनीने खाण कायमची बंद करायचे ठरवले. आतले पाणी उपसणारे पंप उर्होच्या हाताखाली होते. वरून हुकूम आला आणि त्याने ते थांबवले. खाण पाण्याने भरली. कामगारांच्या भरसभेत रेइनो त्याला म्हणाला, "खाण तूच बुडवलीस." त्याच आठवड्यात रेइनोने गाव सोडले.

फिरू हवे तेवढे, पण त्याच्या दारात पाऊल टाकणार नाही, असे रेइनोने निघण्याआधीच बजावले. आइलीने वाद घातला नाही. तिने वेलचीचा पाव भाजायला घेतला.

काय सुरेख गेले ते तीन आठवडे! आधी आम्ही उत्तरेला गेलो. जिथे तांबडी माती खणून डोंगर पोखरले होते, तिथे आता निळे पाणी साचले होते आणि काठावर बर्चची कोवळी झाडे उभी होती. आइली त्याच भागातली. तिचे जुने गाव खाणीने गिळले होते, तरी ती पाण्याकडे बोट दाखवून आपली शाळा कुठे होती ते सांगत बसली. पुढे नुसते जंगल आणि सरोवरे. सकाळी पाणपक्षी ओरडत, आइली माझ्या पायरीवर बसून ब्लूबेरी निवडत असे. रेइनो मासे तळताना शीळ घालायचा. सहा वर्षे मुकी पडलेली मी पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडत होते. यापरते सुख कोणते?

मग मोठ्या सरोवराच्या दक्षिण काठाने आम्ही पूर्वेला वळलो. भावांचे जुने गाव जवळ आले. हमरस्ता नेमका उर्होच्या फाटकासमोरून जातो. ते टाळायला त्याने मला खाणीतून काढलेल्या दगडांच्या ढिगामागच्या, खनिज वाहायच्या जुन्या वाटेवर घातले. खाणीत काम केलेल्या माणसाने असे करू नये. खाण बुडाल्यापासून तिथली जमीन खालून भिजत आली होती. हे गावातल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होते. फक्त तो चौतीस वर्षे तिकडे फिरकला नव्हता. माझे मागचे चाक आसापर्यंत रुतले आणि मी एका कुशीवर कलले. घाबरून माझी सगळी भांडी वाजली.

आइली मदत आणायला गेली. आसपास एकाच घरातून धूर निघत होता. ट्रॅक्टर घेऊन उर्हो आला. त्याने साखळी बांधली, रेइनोने चाकाखाली फळ्या सरकवल्या.  तासभर दोघांचे हात एकमेकांच्या ओळखीचे असल्यासारखे चालत होते. मी वर आले तेव्हा उर्हो छातीला हात लावून फळीवर बसला.

"हमरस्त्यावर काय काटे पेरले होते?" तो म्हणाला.

"तिथं तुझं दार होतं," रेइनो म्हणाला.

 उर्हो उठला. "आज शनिवार आहे. वाफघर तापवलंय."

यांच्या लोकांत शनिवारच्या वाफेच्या अंघोळीला बोलावले तर कुणी नाही म्हणत नाही. वैऱ्यालाही तापल्या दगडांवर पाणी ओतायला जागा मिळते. तरी रेइनो जागचा हलेना.  मग त्याने बूट काढून माझ्या पायरीवर ठेवले आणि तो भावामागून चालू लागला.

आत काय झाले ते मला दिसले नाही. पुष्कळ वेळाने दोघे लालबुंद होऊन बाहेर आले आणि माझ्याच पायरीवर बसले.

"पंप कुणी तरी थांबवणारच होतं," रेइनो म्हणाला. "मी तसं बोलायला नको होतं."

"नकोच होतं," उर्हो म्हणाला. "सरक जरा. अर्धी पायरी एकट्यानं अडवलीस."

आइलीने आतून माझी खिडकी लावून घेतली. ती रडत होती आणि तिला ते दाखवायचे नव्हते.

त्यानंतर उर्हो तीन उन्हाळे जगला. दरवर्षी मी रेइनो आणि आइलीला इथे, उर्होच्या वाफघरापाशी आणले. शेवटच्या वर्षी मला इथेच ठेवायचे ठरले. ज्यांनी मला पुसून पुन्हा रस्त्यावर आणले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, तुमच्याही परसात एखादी म्हातारी गाडी असेल, तर तिची चाके मोडण्याआधी तिला बाहेर काढा. कुणाकडे जायचे राहिले असेल, तर सरळ रस्त्याने जा. उन्हाळ्यात इथे आला की रेइनो अजूनही शनिवारी माझ्या पायरीवर बसतो आणि त्या तीन उन्हाळ्यांबद्दल आभार मानतो. मग हळूच म्हणतो, मी तसं बोललो नसतो, तर सदतीस मिळाले असते.