एका किलोचा नियम

माझी आत्या आमच्या वस्तीच्या पाण्याची मालकीण आहे आणि तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. जगातले दिवे गेले त्याला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. शहरातली उरलीसुरली माणसं या पाच मजली पार्किंगमध्ये राहायला आली. आत्यानं बागेतला सीसॉ उचलून आणला आणि तळघरातल्या विहिरीवर बसवला. दोन टोकांना दोघांनी बसायचं, वरखाली व्हायचं, की फळीला जोडलेला पंप पाणी ओढतो.

नियम एकच. दोघांच्या वजनात एका किलोपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर जड माणूस खाली बसून राहतो आणि हलका वर लटकतो. म्हणून वर्षातून एकदा काट्यावर वजनं होतात आणि वर्षभराच्या जोड्या ठरतात. ज्याला जोडी मिळत नाही, तो पुलापलीकडच्या हातपंपावर जातो. एकटा, वर्षभर.

गेलं वर्षभर माझी जोडी माझ्याच वयाच्या लंबूशी होती. रोज चार तास समोरासमोर! इतका वेळ एकच तोंड बघितलं की माणूस त्या तोंडाला कंटाळतो तरी, नाहीतर त्याच्याशिवाय त्याला करमत नाही. मी कंटाळायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

आणि हा बाबा वाढतच सुटला. महिन्यापूर्वी त्याला गुपचूप काट्यावर उभं केलं तर बावन्न किलो. मी सत्तेचाळीस. मला काही म्हणजे काही अंगी लागत नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या मोडक्या गाड्यांचे पाच किलो नट-बोल्ट काढले आणि जाकिटाच्या अस्तरात शिवले. लंबूला सांगितलं नाही, कारण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात.

त्याच महिन्यात लंबूनं जेवण टाकलं. रोज म्हणे "भूक नाही." मला वाटलं, स्वारी पाववाल्याच्या मुलीवर भाळली. ती बरोब्बर बावन्न किलोची! मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

वजनाच्या दिवशी सगळी वस्ती जमली. मी काट्यावर चढले. बावन्न.

"खाणं मानवलंय," आत्या चष्म्यावरून बघत म्हणाली.

लंबू चढला. अठ्ठेचाळीस.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. हा शहाणा माझ्यासाठी महिनाभर उपाशी राहिला होता, आणि मी बसले होते बोल्ट शिवत!

"चार किलोचा फरक," आत्या म्हणाली. "हिची जोडी पाववाल्याच्या मुलीशी जमेल. लंबू, सामान बांध."

"थांबा! बारा वाजेपर्यंत पुन्हा वजन करता येतं ना?" तो ओरडला आणि त्यानं पाण्याची लिटरची बाटली तोंडाला लावली. एक लिटर म्हणजे एक किलो. पहिली बाटली त्यानं ऐटीत संपवली. दुसरीला डोळे बाहेर आले. बोल्टचं सांगितलं असतं तर सगळ्यांसमोर लबाड ठरले असते. तिसरी संपता संपता त्याचे पाय लटपटले आणि माझं डोकंच फिरलं.

"अरे गाढवा, बस कर! मरशील!" मी अस्तर टराटरा फाडलं. नट-बोल्ट सगळीकडे घरंगळले. "मी सत्तेचाळीसच आहे! तू गेलास तर मला नाही राहायचं इथे, कळलं?"

हे पाचही मजल्यांनी ऐकलं. पाववाल्याच्या मुलीनं तर टाळ्या वाजवल्या.

आत्यानं आम्हाला पुन्हा काट्यावर चढवलं. मी सत्तेचाळीस, तो एक्कावन्न. फरक तोच, चार किलो, फक्त उलटा. मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं.

"रडणं झालं की तळघरात या," आत्या म्हणाली.

आम्ही सीसॉवर बसलो. तो खाली गेला, मी वर लटकले, पाय हवेत.

"लंबू, फळीवर जरा पुढे सरक," आत्या म्हणाली. "अजून. हां, बास."

फळी सरळ झाली. आम्ही वरखाली झालो आणि नळीतून भसाभसा पाणी आलं.

"आत्या!" मी वरूनच ओरडले. "सरकून बसलं की भागतं? मग इतकी वर्षं वजनं कशाला करतेस?"

"पहिल्या वर्षी मलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी कळलं. पण तोवर माणसं जोडीसाठी काय काय करतात तेही बघितलं होतं. कुणी खिशात दगड भरतं, कुणी उपाशी राहतं. जो जसा आहे तसा चढतो, आकडा ऐकतो आणि मुकाट्यानं सामान बांधतो, त्याला जोडीदाराचं काही पडलेलं नसतं. तो हातपंपावर सुखात राहतो."

मला तिचा भयंकर राग आला, आणि तितकीच मायाही आली.

लंबूचा चेहरा मात्र कासावीस झाला होता. "आत्या, मी पाच मिनिटांत जाऊन येऊ का? तीन लिटर..."

"जा बाबा. ती थांबेल."

तो टुणकन उतरून पळाला, तशी मी दाणकन खाली आपटले. तरी थांबले.