चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवरची दांडी

आमच्या घरातल्या छोट्या खोलीचा उंबरठा अडीच सेंटिमीटर उंच होता. चालताना माझ्या वडिलांचं डावं पाऊल जमिनीपासून जेमतेम दीड सेंटिमीटर सुटतं. हे मी त्यांच्याच घरी मोजलं, त्यांना कळू न देता. दाराखालच्या पट्टीला त्यांची चप्पल अडत नाही, दुमडलेल्या सतरंजीला अडते, आणि दोन्हींची जाडी फूटपट्टीवर कळते.

म्हणून दोन रविवार मी उंबरठा कानशीने घासत बसले. शेवटी एक सेंटिमीटर उरला.

"अगं, रंग भिंतीला द्यायचाय ना?" सासूबाई येताजाता म्हणाल्या. "मग जमिनीशी कसलं भांडण काढलंयस?"

मी हसले. उत्तर दिलं नाही. चूक तिथूनच सुरू झाली असणार.

बाबांच्या घरमालकाला या महिनाअखेर घर रिकामं हवं आहे. मी एकुलती एक मुलगी. चार महिन्यांपूर्वी, जेवताना, मी नवऱ्याला विचारलं होतं, "बाबांचं काय करायचं?"

"बघू," तो म्हणाला. "आधी ती खोली तरी माणसांत आण."

आमच्या घरात 'बघू' हा शब्द माळ्यासारखा आहे. वर टाकलं की विसरलं. पण वाक्याचा दुसरा भाग मी अट म्हणून धरला. खोली माणसांत आणायची, मग पुन्हा विचारायचं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तपासणी पुरी झाल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही, ही अठरा वर्षांची सवय आहे.

खोलीत दोन मोडके पंखे, एक पाळणा आणि नवऱ्याचा एक पाय नसलेला कॅरम होता. हाताशी पैसे बेताचे. शेजारच्या तीन घरांत रंगकाम झालं होतं. त्यांचा उरलेला रंग मागून आणला. सायीसारखा पांढरट पाच भाग, पिवळा दोन, हिरवा अर्धा. मापाच्या भांड्याने मोजून एकाच बादलीत कालवला. सकाळच्या कोवळ्या उन्हाचा असतो तसा रंग आला. एकदाच येण्यासारखा, कारण तिन्ही डबे संपले होते. जुन्या चादरीचे पडदे शिवले. जुन्या दाराची फळी तासून भिंतीला मांडणी केली, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी. आरसा स्टुलावर बसून दाढी करता येईल इतका खाली. दिव्याचं बटण कोपऱ्यात टाकलेल्या जुन्या पलंगाजवळ, खाली. आणि दारापासून पलंगापर्यंत भिंतीला धरायची दांडी, बरोबर चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर. बाबा उभे असले की त्यांचं मनगट तिथे येतं. दांडी भंगारवाल्याकडच्या नळीची. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या तासभर टांगून ठेवल्या, हलली नाही, तेव्हा कुठे मी हत्यारं आवरली.

खोली उजळली तसे तिला मालक फुटू लागले. आयत्या बिळावर एक नव्हे, दोन नागोबा.

"माझं शिलाईचं मशीन खिडकीशी छान बसेल," सासूबाई म्हणाल्या. "पण ही मांडणी आहे की पाट? वाकून वाकून कंबर मोडायची."

"आजी, माझी अभ्यासाची खोली आहे ती!" मुलगी म्हणाली. ती चौदा वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा चार बोटं उंच. "पण आई, त्या आरशात मला फक्त माझं पोट दिसतं."

"तुझ्या आईची नजर सूक्ष्मदर्शकातून बघून बघून खाली गेलीय," नवरा म्हणाला. "बुटक्यांचं गाव वसवलंय तिने."

सगळे हसले. मीही. तेव्हा सांगता आलं असतं. पण पलंगाखालची फरशी अजून डुगडुगत होती, आणि अर्धवट काम दाखवून होकार मागणं माझ्या जिवावर आलं.

शुक्रवारी बाबांचा फोन आला. "खोली झाली का गं? घाई नाही हं. मी आपली पुस्तकं बांधून ठेवलीत, एवढंच."

"झालीच, बाबा."

"जावईबापू काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत," मी म्हटलं. हे शब्दशः खरं होतं आणि म्हणूनच मला रात्रभर टोचत राहिलं.

शनिवारी अर्धा दिवस ड्युटी होती. मनाशी ठरवलं, आज फरशी बसवायची आणि जेवताना बोलायचं. दुपारी घरी आले तर जिन्यातच ड्रिलचा आवाज. सिमेंटची पुडी हातातच राहिली.

छोट्या खोलीत नवरा स्टुलावर उभा होता. केसांत, भुवयांवर भिंतीची पूड. मुलीने स्टूल धरलं होतं. दारात सासूबाई, चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग.

"आलीस? डोळे मीट, डोळे मीट!" मुलगी ओरडली.

मी मिटले नाहीत. मांडणी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. आरसा मुलीच्या चेहऱ्याच्या उंचीवर. दांडी दाराजवळून काढून खिडकीच्या वरच्या अंगाला ठोकली होती, आणि तिच्यावर आमचे तीन टॉवेल वाळत होते. जिथे ती होती तिथे आठ भोकं. मांडणीची सहा. आरशाची दोन. एकूण सोळा, आणि प्रत्येकाभोवती माझ्या रंगाचे पोपडे.

"सगळं योग्य उंचीवर आणलं," नवरा खाली उतरत म्हणाला. "चार महिने एकटी राबतेयस, म्हटलं आपणही हात लावू. भोकं बुजवून वर रंगाचा एक हात मारला की झालं."

"कुठला रंग?"

"त्या बादलीतला."

"ती मी घासून पालथी घातली," सासूबाई म्हणाल्या. "तळाशी थोडंसं काहीतरी होतं. कशाला घाण ठेवायची?"

मी सिमेंटची पुडी खाली ठेवली. एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. तिघांपैकी कुणीही वाईट वागलं नव्हतं. तेच जास्त असह्य होतं. रागवायला सुद्धा कुणी धड सापडेना.

"दांडी का काढली?" मी विचारलं.

"अगं, धडपडायला व्हायचं तिथे," नवरा म्हणाला. "तीनदा माझं मनगट आपटलं. इतक्या खाली दांडी कुणी लावतं का?"

"चौऱ्याऐंशी सेंटिमीटर."

"हो ना, पण का? तेच तर कळेना आम्हांला." तो खरंच बुचकळ्यात पडला होता. "आईला ती मांडणी वाकवते, पोरीला आरशात तोंड दिसत नाही, मला दांडी लागते. या घरात ते माप बसतं कुणाला? कुणासाठी केलीस तू ही खोली?"

चार महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. मी उंबरठ्याकडे बघितलं. एक सेंटिमीटर. तेवढं एक काम कुणी सुधारलं नव्हतं.

"आई, बोल ना," मुलगी हळूच म्हणाली.

"बघू, आधी जेवून—" नवऱ्याने सुरुवात केली.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. "आता बघू नाही. खोली माझ्या बाबांसाठी आहे. ते एक तारखेपासून इथे राहणार आहेत, आपल्याकडे, कायमचे."