कोरडी फरशी

हिवाळी सुट्टीत ताम्पेरेला माझ्या मैत्रिणीकडे, ओर्वोक्कीकडे, जाण्याचं माझं हे सत्ताविसावं वर्ष. मी कायानीच्या शाळेत रसायन आणि भौतिक शिकवते. आमच्याकडे उत्तरेला ही सुट्टी मार्चच्या सुरुवातीला येते. तोवर ताम्पेरेतली मुलं शाळेत परत गेलेली असतात आणि गोठलेल्या तळ्यावर स्कीच्या वाटा मोकळ्या असतात. गुरुवारी दुपारी पोचायचं, रविवारी निघायचं, आणि मधल्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता इमारतीच्या तळघरातल्या सौनात, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या खोलीत, जाऊन बसायचं, हे ठरलेलं.

तो तास ओर्वोक्की आणि तिचा नवरा तौनो यांचा. माझ्या शुक्रवारी मात्र तौनो आम्हा दोघींना आत सोडून तळ्याकाठी फिरायला जायचा. पावणेआठला परत येऊन उरलेल्या उबेत एकटाच बसायचा आणि वर आल्यावर सांगायचा, "तुम्ही दोघी नुसत्या बोलता. दगड थंड करून ठेवलेत."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तौनो गेला. अंत्यविधीनंतर मी ताम्पेरेला येत होते ती आत्ताच.

ओर्वोक्की स्टेशनवर घ्यायला आली होती. उणे सतरा तापमान होतं आणि तिच्या पापण्यांवर बर्फाचे कण जमले होते.

"तुझी बॅग दर वर्षी लहान होतेय," ती म्हणाली.

"तू दर वर्षी हेच म्हणतेस."

"कारण ती दर वर्षी लहान होतेय."

इमारतीत शिरल्यावर मी लिफ्टकडे वळले, तर तिनं माझी बाही धरून मला जिन्याखालच्या फलकासमोर उभं केलं. तिथं सौनाचा तक्ता लावलेला असतो: कुठल्या वारी कुठला तास कुठल्या बिऱ्हाडाचा. शुक्रवारी सात ते आठ या चौकटीत एकतीस वर्षं ‘ए १४’ लिहिलेलं होतं. आता तिथं ‘बी ३१’ होतं.

तक्त्याखाली ओर्वोक्कीच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती. ‘हा तास वापरात आहे. — ए १४’. तिच्याखाली छापील कागद: ‘फलकावर खासगी चिठ्ठ्या लावू नयेत. — गृहसंस्थेचे अध्यक्ष, रौतिओ’. त्याच्याखाली पुन्हा ओर्वोक्की: ‘ही खासगी नाही.’

"वरची चिठ्ठी चौथी आहे," ती म्हणाली. "तीन त्यानं काढल्या. माझ्याकडे चिकटपट्टीचे अजून दोन रोल आहेत."

वर तिनं कॉफी ठेवली आणि वेलदोड्याचा पाव कापला. स्वयंपाकघरात तौनोची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. आमच्यात विचारायची पद्धत कमीच. दोन कप झाल्यावर तिनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली.

संस्थेचा एक नियम आहे. सलग चार आठवडे तास वापरला नाही, तर तो यादीतल्या पुढच्या बिऱ्हाडाला जातो. शुक्रवारचा सात ते आठ हा शेवटचा तास. आठ वाजता रौतिओ खाली येतो, शेगडी बंद झाली का ते पाहतो आणि कुलूप लावतो. तौनो गेल्यानंतरच्या अकरा शुक्रवारी त्यानं सौनाला लागून असलेल्या अंघोळीच्या खोलीच्या फरशीला हात लावून पाहिला होता. अकराही वेळा फरशी कोरडी होती. बादली रिकामी, पळी खुंटीला, बाकाच्या फळ्या कोरड्या. त्यानं ते सगळं वहीत तारखेनिशी लिहिलं. जानेवारीच्या सभेत त्यानं ते वाचून दाखवलं आणि विचारलं, कुणाची हरकत? कुणी काही बोललं नाही. रौतिओनं लिहून घेतलं, हरकत नाही.

"तू होतीस सभेला?"

"दुसऱ्या रांगेत."

"आणि काही बोलली नाहीस?"

"नाही."

"म्हणजे तू जातच नव्हतीस खाली?"

ओर्वोक्कीनं सुरी पुसली. एकदा पुसली, मग पुन्हा पुसली.

"जात होते. सगळे अकरा शुक्रवार. टॉवेल घेऊन जायचे, वरच्या बाकावर बसायचे, पावणेआठला वर यायचे." ती थांबली. "पाणी टाकत नव्हते, इर्या. पाणी तौनो टाकायचा. दगडांवर पाणी पडलं की तो आवाज होतो ना. मला तो ऐकायचा नव्हता. आणि आवाज नको तर बादली कशाला भरायची? अंघोळ मी वर घरीच करायचे."

रौतिओचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला होता. दर वर्षी नववीच्या मुलांच्या वहीत मी हेच वाक्य लाल शाईनं लिहिते. पण आमच्याकडे कोरडी फरशी पाहून दुसरा निष्कर्ष कोण काढेल? सौनात जाऊन पाणी न टाकता परत येणारं माणूस मीही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"मग हे सांग ना त्याला," मी म्हटलं.

"त्या वहीत लिहायला? ‘ए १४, विधवा, आवाज सहन होत नाही’?"

"मग तास जाईल."

"तास माझा आहे," ती म्हणाली. "फेब्रुवारीत पहिल्या शुक्रवारी गेले, तर आतून दुसऱ्यांचं बोलणं ऐकू आलं. तशीच टॉवेल घेऊन वर आले. तसं आता होणार नाही. उद्या आपण जाणार आहोत."

"आणि ते बी ३१ आले की?"

"आले तर येऊ देत. मी उठणार नाही."

त्या रात्री झोपताना मला कळत होतं, की उद्या नुसत्या एका तासाचा प्रश्न नाही. तो तास गेला, तर ती शुक्रवारी या घरात काय करेल, हे मला सुचत नव्हतं. बहुतेक तिलाही.

शुक्रवारी सकाळी तळ्यावर बारा किलोमीटर स्की केली. मग बाजारात उभ्याउभ्या काळं सॉसेज खाल्लं, लिंगनबेरीच्या मुरंब्याबरोबर. ओर्वोक्की दिवसभर गप्पा मारत होती, एरवीपेक्षा जास्त. सातला पाच मिनिटं असताना तिनं टॉवेल खांद्यावर टाकला, आणि तळघरात उतरल्यावर तिथली बादली नळाखाली धरली.

"बादली कशाला?" मी विचारलं.

"तुला पाणी लागेल."

सहाच्या तासाचा माणूस फरशीवरून वायपर ओढून निघतच होता. त्यानं ओर्वोक्कीकडे पाहिलं, मग तक्ता आठवून पुन्हा पाहिलं, आणि मान हलवून गेला. आम्ही कपडे काढले, आत जाऊन वरच्या बाकावर बसलो. भिंतीवरचा काटा ब्याऐंशी अंशांवर होता. बादली भरलेली, पळी तिच्यात. ओर्वोक्कीनं पळीला हात लावला नाही, म्हणून मीही लावला नाही. कोरडी उष्णता नाकात बोचत होती. शेगडी अधूनमधून तडतडत होती.

सात वाजून चार मिनिटांनी बाहेरचं दार उघडलं. मग आतल्या दाराच्या काचेवर एक चेहरा आला. तिशीतली बाई, टॉवेल गुंडाळलेली. तिनं दार बोटभर उघडलं.

"माफ करा, पण हा तास आमचा आहे. बी ३१. मी योन्ना."

"मी ओर्वोक्की, ए १४. दार लाव, ऊब जाते."

"पण तक्त्यावर…"

"तक्ता चुकलाय."

योन्नानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहुणी, मी काय सांगणार? तिनं दार लावलं. बाहेर तिचं नवऱ्याशी कुजबुजणं ऐकू आलं, मग जिन्यावर पावलं वाजली.

"अध्यक्षाला आणायला गेले," ओर्वोक्की म्हणाली. "आणू देत. तो आत येऊ शकत नाही. त्याची हिंमत नाही."

रौतिओ खरंच आत आला नाही. अंघोळीच्या खोलीत, बंद दारापाशी तो उभा राहिला. कोटाची बटणं लावलेली, चष्मा वाफेनं पांढरा झालेला, आणि तोंड मुद्दाम भिंतीकडे वळवलेलं. हे मला काचेतून दिसत होतं. त्याला आम्ही दिसत नव्हतो, आणि त्याला तेच बरं वाटत असावं.

"ओर्वोक्कीबाई, हा तास एक फेब्रुवारीपासून बी ३१चा आहे."

"कोणत्या नियमानं?"

"तुम्हाला माहीत आहे. चार आठवडे वापर नाही, तर तास पुढच्याला. आणि हा नियम तुमच्या तौनोनंच केलाय, तो अध्यक्ष असताना."

"त्यानं केला, मी टाइप केला. त्यात ‘वापर’ लिहिलंय, रौतिओ. ‘पाणी’ नाही लिहिलं."

"म्हणजे काय?"

तिच्या खांद्यावरची कातडी लाल झाली होती आणि दोन्ही हात बाकाच्या कडेवर घट्ट होते.

"अहो, अकरा वेळा मी स्वतः फरशीला हात लावलाय," रौतिओ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "अकराही वेळा कोरडी. माझ्याकडे तारखा आहेत. मी कुणाचं काही हिसकावून घेतलेलं नाही. ही दोघं दोन वर्षं यादीत आहेत."

मला राहवलं नाही. "अहो रौतिओ, ती दर शुक्रवारी…" मी सुरुवात केली. ओर्वोक्कीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गरम होता आणि जड.

"मी सांगते," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. काल स्वयंपाकघरात सांगितलं होतं तेवढंच, पण दाराकडे तोंड करून, मोठ्यानं, एकेक शब्द वेगळा करून. ती आली होती. अकराही शुक्रवारी. बसली होती. पाणी टाकलं नव्हतं, कारण पाणी तौनो टाकायचा. आवाज नको होता.

नळाचा एक थेंब पडला.

"हे तुम्ही सभेत का नाही बोललात?" रौतिओनं शेवटी विचारलं.

"तुम्ही मला विचारलंच नाहीत. तुम्ही फरशीला विचारलंत."

"सभेत विचारलं होतं. हरकत आहे का, म्हणून."

"चाळीस माणसांसमोर. माझं दार तिसऱ्या मजल्यावर आहे. अकरा वेळा तुम्ही तळघरात उतरलात, एकदाही वर चढला नाहीत."

रौतिओनं चष्मा काढून कोटाच्या बाहीनं पुसला. तो पुन्हा पांढरा झाला.

"मला हे मंडळापुढे ठेवावं लागेल," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये बैठक आहे."

"ठेवा. तोवर मी इथं बसते."

"एप्रिलपर्यंत?"

"आठपर्यंत. माझा तास आठला संपतो. मग पुढच्या शुक्रवारी पुन्हा येईन, आणि त्याच्या पुढच्या. पाणी टाकीन किंवा नाही टाकणार, ते माझं मी बघेन."

रौतिओ गेला. दाराबाहेर कुणीतरी दबक्या आवाजात बोललं, मग दार उघडलं आणि योन्ना आत आली. टॉवेल बाहेर ठेवून, केस वर बांधून. ती खालच्या बाकावर बसली, गुडघे जवळ घेऊन.

"नवऱ्याला वर पाठवलं," ती म्हणाली. "मी सकाळी पाचपासून ट्राम चालवतेय. दार सारखं उघडतं, पाय अजून गार आहेत. तुम्ही हाकलणार असाल तर हाकला, पण आधी गरम होऊ द्या."

"बस," ओर्वोक्की म्हणाली.

"आम्हाला सांगितलं होतं, हा तास रिकामा आहे."

"नव्हता."

"आत्ता ऐकलं मी. बाहेरच उभी होते." योन्नानं पाय एकमेकांवर घासले. "पाणी टाकू का थोडं?"

"नको."

योन्नानं मान हलवली. दुखावलेली दिसली नाही. आम्ही तिघी तशाच बसलो, दोन-तीन मिनिटं असेल. खालच्या बाकावर उष्णता कमीच असते, आणि कोरडी असली तर विचारूच नका. योन्नाच्या पाठीवर काटा आलेला मला वरून दिसत होता. ओर्वोक्कीलाही दिसत असणार.

तिनं वाकून पळी उचलली.

"हे रौतिओसाठी नाही," ती म्हणाली.

पहिलं पळीभर पाणी तिनं दगडांच्या कडेला टाकलं, जपून. आवाज झाला. तिचा जबडा आवळला. वाफ छताला लागून खाली उतरली आणि आमच्या पाठींवर बसली. योन्नानं डोळे मिटून लांब श्वास सोडला. ओर्वोक्की ऐकत राहिली, आवाज पूर्ण संपेपर्यंत. मग तिनं दुसरी पळी टाकली, या वेळी बरोबर मधोमध. मग तिसरी.

"तौनो चार टाकायचा," मी म्हटलं.

"तौनो आगाऊ होता," ती म्हणाली, आणि चौथी टाकली.

आठला बारा मिनिटं असताना आम्ही अंघोळी उरकल्या. फरशीवर पाणीच पाणी होतं. ओर्वोक्कीनं वायपर घेतला आणि सगळं पाणी मोरीकडे ओढलं. तेवढं सगळेच करतात. पण नंतर तिनं सौनाचं दार सताड उघडून ठेवलं, गुडघ्यांवर बसली आणि आपल्या कोरड्या टॉवेलानं फरशी पुसायला लागली, कोपऱ्यापासून. टाइल्स गरम होत्या, वरून ब्याऐंशी अंशांची हवा येत होती. असा पातळ थर सात-आठ मिनिटांत उडून जातो. योन्नानं काही न विचारता आपला टॉवेल घेतला आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली. मी बादली उपडी केली, पळी खुंटीला लावली.

ठीक आठला रौतिओ किल्ल्या घेऊन आला. आम्ही कपडे घालून बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तो नेहमीप्रमाणे फरशीकडे वाकला, बोटं टेकवली आणि तसाच थांबला.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

त्यानं योन्नाच्या ओल्या केसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सरळ उभा राहिला, वही उघडली आणि ओर्वोक्कीला विचारलं,

"आज तास वापरला का?"

"वापरला."

"किती जणी?"

"तिघी."

त्यानं लिहून घेतलं. "पुढच्या शुक्रवारी?"

"विचारायला या. तिसरा मजला."

रविवारी मी बॅग घेऊन खाली उतरले तेव्हा तक्त्यावर शुक्रवारच्या शेवटच्या चौकटीतलं ‘बी ३१’ खोडलेलं होतं. वर बारीक पेन्सिलीनं ‘ए १४’ लिहिलं होतं आणि कंसात ‘एप्रिलपर्यंत’. ओर्वोक्कीनं ते नाकाजवळ जाऊन वाचलं. मग कोटाच्या खिशातून शाईचं पेन काढलं आणि ‘ए १४’ची एकेक रेघ सावकाश गिरवली. कंस तिनं तसाच ठेवला. पेन्सिलीत.

"चल," ती म्हणाली, "गाडी चुकेल."