नणंद-भावजयेची रिले

राष्ट्रीय स्टेडियमचं आत्याने नावच टाकलं होतं. तिथला सामना टीव्हीवर लागला की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि उगाच भांडी आपटायची. स्टेडियम नवंकोरं असताना, उद्घाटनाच्या स्पर्धेत, देशाच्या मुलींनी रिलेत मुसंडी मारली होती. तिसरी धावणारी आत्या सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या मुलीच्या हातात बॅटनची काठी द्यायची, एवढंच उरलं होतं आणि भरल्या स्टेडियमसमोर ती काठीच खाली पडली. त्या शेवटच्या मुलीने पुढे आत्याच्याच भावाशी लग्न केलं, आणि तिच्यासोबत भांडणही कायमचं घरात मुक्कामाला आलं.

"तू नीट दिलीच नाहीस," वहिनी म्हणायची.

"तू हाताच्या टप्प्यात येतच नव्हतीस," आत्या म्हणायची. कुणाच्या हातून साधी कपबशी निसटली, तरी दोघी एकमेकींकडे अशा बघायच्या की भाऊ बिचारा पेपर घेऊन गच्चीत पळायचा.

आता वहिनीची मुलगी त्याच स्टेडियममध्ये गाइड झाली होती. "आत्या, जुना ट्रॅक उखडणार आहेत. एकदा तरी ये, नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही." भाची म्हणजे आत्याच्या गळ्यातला ताईत. आत्या वहिनीसोबत आली, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा करून.

"इथे पूर्वी वीटभट्टी होती," भाची पाहुण्यांना सांगत होती. "अर्धं शहर इथल्या मातीतून उभं राहिलं आणि मागे उरला हा भलामोठा खड्डा. बांधणाऱ्यांनी डोकं लढवलं, खड्ड्याच्या उतारावरच पायऱ्या केल्या. म्हणून या स्टेडियममध्ये आपण चढत नाही, उतरतो." पुराच्या वर्षी नदीकाठची माणसं याच पायऱ्यांखाली राहिली होती, कित्येक पोरं इथेच चालायला शिकली होती. आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी या जागेवर एकच गोष्ट घडली होती.

"ट्रॅकवर चालायला परवानगी आहे," भाची म्हणाली. "पळायला मात्र नाही."

वहिनी तरातरा शेवटच्या वळणापाशी गेली. "इथे उभी होते मी. आणि माझी खूण तिथे होती."

"मोजून दाखव!"

रिलेत पुढची मुलगी मागे बघत धावत नाही. आपल्या जागेपासून मागे पावलाला पाऊल चिकटवून ती अंतर मोजते आणि तिथे खूण करते. येणारीचा पाय खुणेवर पडला की हिने सुसाट सुटायचं. वहिनी सँडल घातलेली पावलं मोजू लागली. तिचे ते इवलेसे पाय बघता बघता आत्याच्या कपाळावर आठी पडली.

"त्या दिवशीही एवढीच पावलं मोजलीस?"

"सरावात मोजायचे तेवढीच. एकही जास्त नाही."

"आणि पायात काय होतं?"

"उद्घाटनाला वाटलेले नवे बूट." वहिनी एकदम थांबली. "अगं, मोठे होते ते. पुढे कापूस कोंबला होता मी!"

पावलं तेवढीच, पण बूट मोठे. खूण मागे सरकली, वहिनी वेळेआधी सुटली आणि आत्या जीव तोडून धावूनही तिचा हात पोचला नाही. तेवढी एक गोष्ट दोघींच्याही डोक्यात कधी आली नव्हती.

"आणि नवेच बूट घाल म्हणून माझ्या मागे कोण लागलं होतं?" वहिनीने कमरेवर हात ठेवले. "पाहुणे बघतायत, फाटक्या बुटांत शोभा होईल म्हणे. सांगा ना वन्सं!"

आत्याला जे हसू फुटलं ते आवरेना. दोघी ट्रॅकवरच बसकण मारून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"ऊठ," आत्या म्हणाली. "सँडल काढ आणि परत मोज."

"माझे गुडघे गेलेत गं."

"माझे काय दुकानातून आणलेत?"

पाहुण्यांनी रांगेत मागे यावं म्हणून भाचीच्या हातात झेंडा लावलेली आखूड काठी होती. आत्याने ती काढून घेतली.

"आत्या, पळायचं नाही हं!"

"या वयात याला पळणं म्हणतात का गं?"

पण ती पळालीच. पहिल्या चार ढांगांत गुडघ्यांनी बोंब मारली, मग ती बोंबही थांबली. वळणावर वहिनी वाकून उभी होती. आत्याचा पाय खुणेवर पडला आणि वहिनी सुटली. "घे!" आत्या ओरडली. वहिनीचा हात न बघता मागे आला, आणि आत्याने त्या तळव्यात काठी अशी ठेवली की टाळी वाजावी तसा आवाज झाला.

पाहुण्यांनी एकच गलका केला. भाची नियम विसरून उड्या मारत होती. वहिनी झेंडा फडकवत, पदर खोचून, शेवटच्या रेषेकडे धावत सुटली होती.

आत्या धापा टाकत जागीच उभी राहिली. तिने आपल्या हाताकडे बघितलं. हात रिकामा होता, आणि खाली जमिनीवर काहीच पडलेलं नव्हतं.

"पळ गं!" ती सगळा जीव एकवटून ओरडली. "आपण पुढे आहोत!"