बेल्ट लावलेली गोणी

गाडीत आधीच कोणीतरी बसलंय असं वाटून गाडी विकत घ्यायला आलेला माणूस दचकला. वाकून पाहतो तर ड्रायव्हरच्या सीटवर वाळूची गोणी, तिला बेल्ट लावलेला. तो हसला. मी काही हसले नाही. भाऊजींनी आणि त्यानं मिळून ती उतरवून भिंतीपाशी आडवी ठेवली, आणि तो एक चक्कर मारायला गेला.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. शर्यतीच्या गाड्यांची चाकं जुळवण्यात त्यांची हयात गेली. बोलणं इतकं कमी, की आपण काही विचारलं तर अर्धं उत्तर मिळणार, तेही टायरकडे बघून. अशा गाडीची चाकं वरून जरा आत कललेली असतात, म्हणजे वळणावर पकड सुटत नाही. हा कॅम्बर लावताना चालवणारा सीटवर बसलेलाच लागतो, कारण त्याच्या वजनानं गाडी त्या अंगाला दबते. गाडी आमच्या ह्यांची; हे आजारी पडले, गॅरेजात बसवेना, तेव्हा भाऊजींनी त्यांच्या वजनाची गोणी भरली.

पुढे हे वाळतच गेले. फोन करून सांगायचे, दादा, अजून थोडी वाळू काढ. भाऊजी हो म्हणायचे आणि चिमूटभरही काढायचे नाहीत. शेवटचं गाडी चालवून आले तेव्हा हे पायरीवर दम खात बसले आणि मला म्हणाले, "गाडी डावीकडे ओढते गं, माझं वजन कमी पडतं. दादाला वाटतंय मी अंगानं पुन्हा भरून येणार. ओढू दे."

डावीकडे मी बसायचे. हे गेल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून मीच ती अधूनमधून फिरवायचे. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी हळूच त्या रिकाम्या सीटच्या अंगाला जायची, आणि दर वेळी माझी मान तिकडे वळायची. रात्री डोळा लागेना. शेवटी म्हटलं, ही घरात नको.

तो माणूस परत आला. अंगानं अगदी काटकुळा. गाडी डावीकडे ओढते म्हणाला, माझ्या वजनावर जुळवून द्या, लगेच नेतो.

"गाडी बरोबर आहे," भाऊजी म्हणाले आणि पुसलेलाच पाना पुसत राहिले.

गाडीबद्दल भाऊजी जन्मात खोटं बोलले नव्हते. तो बिचारा निघायच्या बेतात आला. मला भाऊजींचा राग आला, आणि त्याच वेळी भडभडूनही आलं. मी जवळ जाऊन हळू म्हटलं, "भाऊजी, हे आता भरून येणार नाहीत. बसवा ह्या गृहस्थांना."

त्यांनी त्याला सीटवर बसवलं. डोळे मिटून बोल्ट फिरवणारा माणूस, पण त्या दिवशी हातातून पाना निसटत होता. काम झालं. गाडी फाटकातून निघाली आणि रस्त्याला लागली, कुठेही न ओढता, नाकासमोर. वळणापर्यंत मी बघत राहिले.

मागे वळले तर भाऊजी गोणीपाशी वाकलेले. एक हात खांद्याखाली द्यावा तसा, दुसरा गुडघ्यांखाली. शेवटी शेवटी ह्यांना पलंगावरून खुर्चीत ते असेच उचलायचे, एकटेच, लहान मुलाला उचलावं तसे. गोणी हलेना. त्यांनी पुन्हा जोर लावून पाहिला.

"एवढा होता गं तो," ते म्हणाले.

मी पदर खोचला आणि पायांकडची बाजू धरली.